हळदमिठातलं आतडं

मला राग आला की माझा आवाज चिरका होतो आणि समोरचा माणूस हसायला लागतो. ही माझी जन्मभराची अडचण आहे. बोलायला गेलो की विनोद होतो, म्हणून यंदा लिहायचं ठरवलं. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून 'प्रयोगशाळेतल्या गमती' हव्या होत्या. गमती आहेत. पण त्या रागाला चिकटून आलेल्या आहेत, सोलून निघत नाहीत. दोन्ही एकत्रच घ्या.

मी पॅथॉलॉजिस्ट. नव्वदच्या दशकात बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी लॅब होती. लोकांच्या लेखी मी 'लघवी-रक्तवाला डॉक्टर'. माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत असंच वाटत होतं की जावई एम.डी. होऊन लघव्या उकळतो. माझं खरं काम वेगळं होतं. शरीरातून कापून काढलेला तुकडा माझ्याकडे यायचा. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, म्हणजे कुजत नाही. मग त्याला मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की हे साधं आहे की कॅन्सर. माझा पेशंट कण्हत नाही, प्रश्न विचारत नाही, नातेवाईक घेऊन येत नाही. मी ही शाखा घेतली तीच त्यासाठी. जिवंत माणसाशी धड बोलणं मला जमत नाही. किती जमत नाही ते पुढे येईलच.

काप काढायचं काम मुनीरभाईंचं. आधी शिवणकामाच्या दुकानात होते, हात थरथरत नसे. तोंड मात्र सतत चालू. तुकडे यायचे एस.टी.ने, कंडक्टरच्या सीटखालून, आणि ज्यात मिळेल त्यात. फॉर्मॅलिन भरलेल्या बाटल्या मी सगळ्या दवाखान्यांत फुकट वाटल्या होत्या. मोठ्या तोंडाच्या, छान झाकणाच्या. महिन्याभरात त्या सगळ्या डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तुकडे परत दुधाच्या किटलीतून यायला लागले. एकदा पित्ताशय देशी दारूत आलं. मुनीरभाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "डॉक्टर, पेशंटचं माहीत नाही, पण ह्याला आता काही दुखत नसणार."

तर एका सकाळी ते आत येऊन म्हणाले, "डॉक्टर, लोणचं आलंय."

बाहेर बाकावर एक उंच, पांढऱ्या पटक्याचा म्हातारा बसला होता आणि शेजारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. तिच्या मांडीवर चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. म्हातारा म्हणजे अंथुर्ण्याचे तात्या. पाटबंधारे खात्यातले निवृत्त पाटकरी. डाव्या कालव्याच्या चारीवर कुणाला कधी पाणी द्यायचं आणि दार पाडून ते कधी बंद करायचं, हे त्यांच्या हाती असायचं. नाव सांगायच्या आधी त्यांनी मला हुद्दा सांगितला. मुलगी त्यांची पुतणी, सुरेखा. बरणीत होतं ते तिच्या थोरल्या भावाचं, बापूचं आतडं. बापूचं पोट फुगून शौच बंद झालं होतं, इंदापूरकडच्या एका सर्जननं तातडीनं पोट उघडून अडलेला भाग काढला आणि तो नातेवाइकांच्या हाती देऊन सांगितलं, बारामतीला तपासायला न्या.

मी फडकं सोडलं. आत पिवळाधमक ऐवज.

"ह्यात हळद कुणी घातली?" मी विचारलं.

"म्या," सुरेखा म्हणाली. "आन् मीठ. बाजारचा दिस हुता, येष्टीत पाय ठिवाया जागा न्हवती. दुसऱ्या दिशी निघायचं, तंवर नासाया नको म्हनून."

"अगं, ही काय कैरी आहे?" माझा आवाज चिरकला.

ती हसली नाही. "कैरी न्हाय. माज्या दादाचं आतडं हाय. म्हनून तर घातलं."

मागच्याच आठवड्यात एका डिग्रीवाल्यानं स्तनाची गाठ नुसत्या नळाच्या पाण्यात पाठवली होती आणि तिचा चिखल झाला होता. मी मुकाट्यानं बरणी आत नेली. आतडं उभं चिरलं, हळद धुतली, आणि उघडून बघितलं.

निरोगी आतडं आतून मऊ, घड्या पडलेलं असतं. हे ज्वारीच्या कणसासारखं होतं. दाण्याला दाणा लागून बारीक बारीक कोंब, मोजता न येणारे. आणि मधोमध एक कडक कडं, ज्यानं बापूची वाट बंद केली होती. असं आतडं मी पुस्तकात पाहिलं होतं. प्रत्यक्षात कधीच नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

मोठ्यानं. दार उघडं होतं.

तात्या ताडकन उठून दारात आले. "चांगलं हाय न्हवं, डागदर सायेब?"

मी काहीतरी पुटपुटलो की काचेखाली बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण त्यांनी 'वा' ऐकला होता. गावात जाऊन त्यांनी सांगितलं, बारामतीचा डॉक्टर वा म्हणला. बापूच्या बायकोनं देवाला नारळ फोडला. त्या नारळाचा आवाज मी ऐकलेला नाही, तरी अजून ऐकू येतो.

आता त्या 'वा'चं कारण सांगतो, म्हणजे मी अगदीच राक्षस नव्हतो हे कळेल.

आतड्याच्या आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. तळाशी खळगे असतात, तिथं पेशी वाढतात, दुभंगतात, वर सरकतात आणि टोकाला जाऊन गळून पडतात. कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, हे त्यांना कळतं निरोपानं. हे निरोप ने-आण करणारी प्रथिनं असतात. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की पेशीतलं एक प्रथिन साठतं, गाभ्यात शिरतं आणि दुभंगण्याची जुळणी सुरू करतं. त्याला बीटा-कॅटेनिन म्हणतात. निरोप नसेल तेव्हा त्याला साठू न देता मोडून टाकणारी एक टोळी असते आणि त्या टोळीचा म्होरक्या म्हणजे एपीसी नावाचं लांबलचक प्रथिन. हा म्होरक्या बिघडला की बीटा-कॅटेनिन साठतच राहतं. बाहेरून कुणी काही म्हणालेलं नसतं, तरी पेशीला वाटतं, वाढायचंय. आणि ती वाढते. काही घराण्यांत हा बिघाड जन्मतःच येतो. आईकडून नाहीतर बापाकडून, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. मग तरुणपणीच आतड्यात कोंबांचं शेत उगवतं आणि त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होतोच. पण कोंब असतानाच आतडं काढलं तर माणूस वाचतो.

हे सगळं जगाला तेव्हा नुकतं उमगत होतं. पुण्याचा एक मित्र मला लेखांच्या झेरॉक्स पाठवायचा आणि मी त्या रात्रीच्या जेवणानंतर कादंबरीसारख्या वाचायचो. बायको म्हणायची, ह्यात मेलं कोण ते तरी सांगा. तर ज्या प्रथिनाचे मी फक्त आकृतीतले बाण बघितले होते, त्याची करणी हळद लावून माझ्या टेबलावर आली होती. म्हणून 'वा'.

रिपोर्ट घ्यायला परत दोघेच आले. मी कॅन्सर म्हणून सांगितलं. तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मी विचारलं, घरात आधी कुणाला? बापूचा बाप, म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ, चाळिशीच्या आतच गेलेला. "मूळव्याधीनं," तात्या म्हणाले. तात्यांची आईही तरुणच गेली होती. "तिलाबी मूळव्याधच."

मूळव्याधीनं असं घराणं मरत नाही. हे मी म्हणणार तेवढ्यात सुरेखा म्हणाली, "मंग ते माज्यातबी असंल का?"

"गप बस," तात्या म्हणाले. "लगीन ठरलंय तुजं."

लग्न लासुर्ण्याच्या मुलाशी ठरलं होतं. मी तात्यांना सांगितलं, तुमचं वय बघता तुम्ही सुटलात, तुमची मुलंही सुटली. पण धाकट्या भावाच्या प्रत्येक लेकराला तपासलं पाहिजे, हिला आधी. ते म्हणाले, "भावकी बसवतो. तुमीच येऊन सांगा."

मला वाटलं, वा. हा 'वा' मनातल्या मनात होता, एवढीच प्रगती.

रविवारी मुनीरभाईंना स्कूटरवर मागे बसवून मी अंथुर्ण्याला गेलो. तात्यांच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, बापू उशीला टेकून बाजेवर. शाळेतला फळा आणवला होता. मी रंगीत खडू घेऊन गेलो होतो. रात्री आरशासमोर बोलून बघितलं होतं. ऊसवाल्यांना प्रथिनं कशी सांगायची? पाण्यातून! मला माझ्याच हुशारीचं भरतं आलं होतं.

"समजा, पेशी म्हणजे तुमचं शेत," मी म्हणालो. "पाळी आली की चारीला पाणी येतं, पीक वाढतं. पाळी संपली की पाटकरी दार पाडतो. बरोबर? आता समजा, पाटकरी दारू पिऊन झोपला. पाणी चालूच राहिलं. रान खारवून चोपण झालं, पीक सडलं. तसं तुमच्या घराण्यातल्या पेशींतला पाटकरी झोपलेला आहे!"

मी टाळीची वाट बघत थांबलो. सगळ्यांचे डोळे तात्यांकडे. माझ्या ध्यानात आलं तेव्हा खडू हातातच मोडला.

तात्या शांतपणे म्हणाले, "जल्मभर चारी राखली म्या. कुनाच्या घोटभर च्याला शिवलो न्हाय. टेलच्या, पार शेवटच्या मानसाला बी पानी पोचवलं. आन् तुमी माज्या दारात ईऊन, माज्या भावकीत, पाटकरी पिऊन झोपला म्हनताव?"

"तात्या, तुम्हाला नाही, ते प्रथिन..."

"परतीन कोन? आमाला तर पाटकरीच ऐकू आला."

घाईघाईत मी ते सावरायला गेलो. या घराण्याकडे आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "बरं, पाटकरी सोडा. मेंढरांचं घ्या. एखाद्या मेंढ्यात खोट असली, ती पिल्लांत उतरली, तर तुम्ही पिल्लं तपासता की नाही? खोट निघाली तर काय करता?"

"खाटकाला इकतो," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला.

बायांत कुजबुज झाली. बापूच्या बायकोनं दोन्ही लेकरं पदराआड ओढली. शेवटी, सगळीच घडी विस्कटली आहे तर खरं तेवढं बोलून टाकावं म्हणून मी म्हणालो, "हे बघा, सोपं आहे. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोट घालून बघतील. कोंब असले तर बोटाला लागतील. पाच मिनिटांचं काम."

तात्या उठले. "लेकीसुना बसल्यात, डागदर सायेब. त्वांड आवरा. आन् निगा."

चहा ठेवलेला होता, तो कुणी आणला नाही. मी फळा पुसत होतो, तेवढ्यात बाजेवरून बापूनं खुणावलं. मी जवळ गेलो.

"डागदर," तो म्हणाला, "ते बोटाचं खरं हाय का? तेवढ्यानं कळलं असतं?"

"हो."

"मला रगत जाया लागून तीन साल झाली. आदी आमच्या हितल्या डागदरनं गोळ्या दिल्या. मंग निमगावच्या बाजारात तंबूवाला बसतो, त्येचं मलम. मंग बारामतीत दोगं दाखवली, इंदापुरात येक. येकानं लांबनं बॅटरी मारली. कुनी बोट लावलं न्हाय." त्यानं पाठीमागची उशी सावरली. "म्या काडलं असतं धोतार. मला काय लाज हुती? तिडीक उठत हुती."

परतताना मुनीरभाई मागून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही काचेशीच बोलत जा. तिला भावकी नसते." एरवी मी हसलो असतो. पण माझ्या डोक्यात बापूचं ते एक वाक्य घुमत होतं. कुनी बोट लावलं न्हाय.

इथून माझा राग सुरू होतो आणि तो अजून संपलेला नाही.

त्या तंबूवाल्याचा राग सोपा आहे. त्याची जाहिरात निमगाव केतकीला रस्त्याकडच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत होती: जुन्यात जुनी मूळव्याध, ऑपरेशनशिवाय. आजही तिथं तशीच एक जाहिरात आहे, रंग ताजा आहे. पण तो बिचारा शाळा न शिकलेला ठग होता. आमचं काय? आम्ही शिकलो होतो. आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवलेलं होतं की ज्याच्या शौचातून रक्त जातं त्याला बोटानं तपासल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. हातमोजा आणि जरासं व्हॅसलिन, एवढंच लागतं. पण टेबलावर पेशंटला कुशीवर वळवायचं, ते करायचं, मग हात धुवायचे, यात आमची प्रतिष्ठा आड येत होती. त्यापेक्षा 'मूळव्याध' लिहून मलम देणं सोयीचं. त्या एका शब्दाच्या गोधडीखाली आम्ही माणसं झाकून ठेवत होतो आणि ती मेली की गोधडी पुढच्याच्या अंगावर. बापूच्या बापावरून ती काढली आणि बापूवर घातली.

त्याच महिन्यात बारामतीच्या डॉक्टर मंडळींसमोर माझं व्याख्यान होतं. एका औषध कंपनीचं जेवण, आधी तासभर ज्ञान. विषय मीच दिलेला: 'आतड्याच्या कॅन्सरमध्ये निरोप्या प्रथिनांची भूमिका'. दिवे मालवले, मी स्लाइड लावली. ती उलटी लागली. बाण सगळे खालून वर. मी तशीच समजावून सांगितली. तिसरी स्लाइड संपली तरी कुणी म्हणालं नाही की उलटं आहे. मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज येत होता आणि पनीरचा वास.

मी दिवे लावायला सांगितले.

"माझ्याकडे एक आतडं आलंय," मी म्हणालो. "तीन वर्षं रक्त जात होतं. ह्या खोलीतल्या दोघांनी त्याला बघितलंय. बोटानं कुणी तपासलं?"

आवाज चिरकला. हशा पिकला. एक जण ओरडला, "ज्याला हौस असेल त्यानं!" आणखी हशा. एक ज्येष्ठ सर्जन समजुतीनं म्हणाले, "अरे, पेशंटच नको म्हणतात. लाजतात. खेडवळ लोक आहेत."

"तो लाजत नव्हता. तो म्हणाला, मी धोतर काढलं असतं. लाज आपल्याला वाटते. त्याच्या जिवापेक्षा आपल्याला आपलं बोट महाग!" हे मी जितक्या जोरात म्हणालो तितका माझा आवाज लहान मुलीसारखा होत गेला. हसणं थांबलं, पण ऐकणंही थांबलं. संयोजक लगबगीनं उठून म्हणाले, जेवण तयार आहे. ताट घेऊन मी जिथं उभा राहिलो तिथून लोक सरकत गेले. पुढे बरेच दिवस कंडक्टरच्या सीटखालून माझ्यासाठी काही आलं नाही.

साखर कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे उसाचं गाळप संपायच्या आत बापू गेला.

दहावा-तेरावा उरकल्यावर एका दुपारी सुरेखा एकटीच लॅबच्या पायरीवर उभी होती. मुनीरभाईंनी तिला आत बसवून पाणी दिलं. या वेळी लोणच्याचा विषय त्यांनी काढला नाही.

"तुमी त्या दिशी फळ्यावर लई काय काय काडलं," ती म्हणाली. "पाटकरी, मेंढरं. मला त्यातलं कायबी कळलं न्हाय. बोटाचं तेवढं कळलं. ते कोन करतं?"

एवढे लेख, एवढे खडू, एवढे बाण. पोरीनं कामाचं तेवढं उचललं होतं.

"तुला त्रास आहे?"

"रगत जातंय. दसऱ्यापास्नं." मग खाली बघून, "घरी सांगितलं न्हाय. लगीन मोडंल म्हनून आई गप करनार. आन् दादा मेला त्यो गप राहून न्हाय, बोलून बी मेलाच. मंग मी कशाला गप ऱ्हाऊ?"

पलीकडच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई होत्या, बाळंतपणं करायच्या. मी तिला घेऊन गेलो आणि बाहेर बसलो. चहा येऊन निवायच्या आत बाई हातमोजा काढत बाहेर आल्या. "कणीस म्हणालात ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तसंच लागतंय." त्यांनी नळी घालून कोंबांचे दोन-तीन तुकडे काढून दिले, फॉर्मॅलिनमध्ये, झाकणाच्या बाटलीत. ती माझीच जुनी बाटली होती. तळाशी मोहरीचा दाणा होता.

मुनीरभाईंनी आयुष्यातले सर्वांत पातळ काप काढले असतील. मी एकेक काच संपूर्ण बघितली, परत बघितली. कोंब होते. कॅन्सर नव्हता. अजून नव्हता. मी मान वर केली. मुनीरभाई माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी नुसती मान डोलावली. मग तेच म्हणाले, "वा."

तात्या आले ते संतापूनच. "आमच्या पोरीला आमाला न इचारता कुनी तपासलं?"

"तिनं विचारलं, मी नेलं," मी म्हणालो. "तात्या, ओरडा हवं तेवढं. पण बापूचं आतडं आणि हिचं आतडं एकाच वाटेवर आहे. बापू पुढं गेला होता, ही मागं आहे. आत्ताच काढलं तर जगेल. लग्नानंतर बघू म्हणालात तर लासुर्ण्याहून तिची बरणी येईल."

ते बाकावर बसले. पटका काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "त्यो तुमचा पाटकरी. खरंच झोपतो का त्यो?"

"नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं बोललो. ते प्रथिन अर्धंच तयार होतं. मधेच तुटलेलं. पाटकरी जागाच आहे, पण त्याला दार पाडायला हातच नाहीत."

"हात न्हाईत," तात्या स्वतःशी म्हणाले. मग उसळून, "मंग आदी तसं बोलायचं हुतं! बिनहाताच्या मानसाला पेताड म्हनून बदनाम करताव? शिकल्याली मानसं तुमी!"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः लासुर्ण्याला गेले आणि मुलाकडच्यांना सगळं सांगून आले. सोयरीक मोडली. मला येऊन सांगताना म्हणाले, "मोडली. चांगलं झालं. आमच्या पोरीच्या पोटापरीस त्यास्नी बस्त्याची काळजी." पुण्यात सुरेखाचं मोठं आतडं जवळजवळ सगळं काढलं, लहान आतडं खाली जोडलं. सुरुवातीला दिवसातून कितीदा जावं लागायचं याचा ती स्वतःच विनोद करायची. उरलेलं टोक दर वर्षी तपासावं लागणार होतं. बोटानं आणि नळीनं. दर वर्षी ती आली. बापूची लेकरं जरा मोठी झाल्यावर त्यांना घेऊन आली.

पण मला सांगायचंय ते पुढच्या उन्हाळ्यातलं. निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात तो तंबूवाला बसला होता. मी मुनीरभाईंना घेऊन मुद्दाम गेलो. भाषण पाठ केलं होतं. तंबूपुढे उभं राहून मी सुरुवात केली, "लोकहो, हा माणूस तुम्हाला फसवतोय! रक्त जाणं म्हणजे..." आणि आवाज गेला वर. बाजार हसायला लागला. तंबूवाला कसलेला. तो मोठ्यानं म्हणाला, "सायबाला बी तरास दिसतोय! आवाजावरनंच वळकलं म्या. या, या, म्होरं या, लाजू नका!"

माणसं पोट धरून हसली. मुनीरभाईसुद्धा हसले, मी बघितलं.

तेवढ्यात गर्दीतून सुरेखा पुढे आली. हातात भाजीची पिशवी, मागे तात्या. तिनं तंबूवाल्याकडे बघितलं आणि आरामात, भेंडीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली,

"माज्या भावाला तुमी मलम दिलं व्हतं. अंथुर्ण्याचा बापू. मेला त्यो. त्येला मलम द्यायच्या आदी येकदा तरी बोट घालून बघितलं व्हतं का?"

भर बाजारात. तरुण पोरगी. हसणं जागच्या जागी आटलं. एक म्हातारी "अगं बया" म्हणून तोंडाला पदर लावून बसली. दोन पोरं फिदीफिदी हसली. तंबूवाला म्हणाला, "काय बोलती ही पोरगी! घरात कुनी वळन लावलं न्हाय का? म्हातारबा, न्या हिला."

मी तात्यांकडे बघितलं. अंगणातले तात्या मला आठवत होते. लेकीसुना बसल्यात, त्वांड आवरा. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते पुढे आले आणि सुरेखाच्या शेजारी उभे राहिले.

"वळन म्याच लावलंय," ते म्हणाले. "पोरगी इचारती त्येचा जबाब दे. बोट घातलं व्हतं का न्हाय?"

तंबूवाला डब्या गोळा करायला लागला. हा काही विजय नव्हता. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या बाजारात बसला, हे मला कंडक्टरनंच सांगितलं. आणि त्याच्या तंबूतून उठलेली माणसं आमच्याच दवाखान्यांत येऊन तसंच मलम घेऊन जात होती, तेही खरं.

गर्दी पांगली. मी स्कूटरकडे निघालो, तर कांदेवाल्याच्या पालाआडून एक धिप्पाड गडी माझ्या बाजूनं चालायला लागला. माझ्याकडे न बघता, समोर बघत, दबक्या आवाजात म्हणाला, "डागदर, ती पोरगी म्हनली ते बोटाचं. कुठं करत्यात?"

"किती दिवस जातंय रक्त?"

"लई दिस झालं."

मी आवाज खाली घेतला. आश्चर्य म्हणजे तो खाली गेला. मी त्याला सुरेखाचं ऑपरेशन केलेल्या पुण्याच्या सर्जनांचा पत्ता सांगितला आणि सोबत येतो म्हणालो. प्रथिनाचं नावही घेतलं नाही.